ऊन सगळ्यांचे, उष्णता कोणाची?

दोन वर्षांपूर्वी दसरा उलटून गेल्यावर फुलंब्री तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. अंगणात मक्याचा ढीग, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीच्या खळग्यात रात्रीच्या पावसाचे पाणी. दाजींनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. दाणे चक्क कोमट होते. "आतून तापायलंय," ते म्हणाले. ओला दाणा ढिगात श्वास घेत राहतो, त्यात बुरशी वाढते आणि दोन्हींतून उष्णता निर्माण होते. दाणा वाळायला बाहेरून जी उष्णता हवी होती ती मिळत नव्हती, आणि नको ती आत तयार होत होती.

दुसऱ्या दिवशी आडतीवर मॉइश्चर मीटरने अठरा टक्के ओल दाखवली. हमीभावाने खरेदी व्हायची तर चौदाच्या आत लागते. व्यापारी म्हणाला, "वाळवून आणा, नाहीतर ओल कापून भाव देतो." दाजी म्हणाले, "वाळवू कुठं? ऊन तुम्ही देता का?" मका कापलेल्या भावात गेला. तीन दिवसांनी लख्ख ऊन पडले. माझ्या डोक्यात तेव्हापासून जे गणित सुरू झाले, ते या लेखात मांडतो आहे.

आधी माझ्याविषयी सांगितले पाहिजे. मी अभियंता नाही. पंचवीस वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. उष्णतेचे शास्त्र शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि गच्चीवर केलेल्या फसलेल्या प्रयोगांतून. त्यामुळे यंत्रापेक्षा खातेवहीकडे माझे लक्ष आधी जाते, आणि या विषयात ते उपयोगी पडले असे मला वाटते.

सौरऊर्जा म्हटले की आज डोळ्यांसमोर निळे पॅनेल येते, म्हणजे वीज. २०१९ ची कुसुम योजना शेतीपंपांची, २०२४ ची सूर्यघर योजना छतावरच्या विजेची. दोन्ही चांगल्या आहेत, पण उष्णतेविषयी त्यांत फारसे काही नाही. पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. काचेखाली ठेवलेला काळा पत्रा त्याच उन्हातला निम्मा भाग उष्णता म्हणून सहज पकडतो. जिथे शेवटी पाणी तापवायचे आहे किंवा दाणा वाळवायचा आहे, तिथे उन्हाची आधी वीज करून मग कॉइल तापवणे हा लांबचा रस्ता झाला. आपल्या घरात आणि शेतात ऊर्जेचा मोठा वाटा उष्णतेवरच जातो. चूल, बंब, गिझर, भट्टी, वाळवण ही सगळी तीच खाती. विजेसारखे उष्णतेचे बिल येत नाही, म्हणून तिचा हिशेबही कोणी ठेवत नाही.

हा हिशेब गावाने मिळून ठेवल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्यापासून फार दूर, डेन्मार्कमधल्या एअरो बेटावर आहे. मार्स्टाल हे तिथले जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे बंदराचे गाव. तिथे घराघरात बॉयलर नाही. गावाबाहेरच्या केंद्रात पाणी तापते, जमिनीखालच्या जाड वेष्टनाच्या नळांतून घरोघर जाते, घर उबदार करते आणि थंड होऊन परत केंद्राकडे येते. १९९६ साली गावाने सुमारे ८,००० चौरस मीटरचे सौर संकलक जमिनीवर मांडले. २०१२ पर्यंत ते ३३,३०० चौरस मीटर झाले. पण खरी अडचण उन्हाच्या वेळेची होती. तिथे ऊन जूनमध्ये आणि थंडी जानेवारीत. म्हणून त्यांनी ७५,००० घनमीटरचा खड्डा खणला, त्याला प्लास्टिकचे अस्तर लावले, उन्हाळ्यात तापवलेले पाणी त्यात भरले आणि वर तरंगते झाकण घातले. आपले अस्तराचे शेततळे डोळ्यांसमोर आणा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी तीस-पस्तीस शेततळी एकत्र केली की तेवढा खड्डा होतो. सौर उष्णता पुरत नाही तेव्हा लाकडाच्या ढलप्यांचा बॉयलर आणि उष्णता-पंप मदतीला असतात. खड्ड्याचे झाकण पुढे खराब झाले आणि बदलावे लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण माहितीपत्रकात ते नसते.

यंत्रांहूनही मला महत्त्वाची वाटली ती मालकी. ही व्यवस्था तिच्या ग्राहकांच्याच सहकारी संस्थेची आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कने १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा केला. तिथला नियम असा की उष्णता पुरवणाऱ्याने फक्त आवश्यक खर्चच दरात धरायचा. वर्षअखेरीस शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षीच्या दरातून ग्राहकाला परत. आपल्याकडे दूध संस्था दिवाळीला उत्पादकाच्या खात्यात 'फरक' जमा करते, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. प्रत्येक घराच्या दाराशी उष्णतेचे मीटर असते आणि सभासद जेवढी उष्णता घेतो तेवढे पैसे देतो.

हे सगळे वाचून मीही आधी फुलंब्रीच्या नकाशावर नळांच्या रेघा ओढल्या होत्या. त्या पुसाव्या लागल्या. कारण सोपे आहे. डेन्मार्कमध्ये हिशेबासाठी जे प्रमाण घर धरतात त्याला वर्षाला सुमारे १८,००० युनिट उष्णता लागते (एक युनिट म्हणजे विजेच्या बिलातले तेच एक युनिट). आपल्याकडे वीस लिटरची बादली वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यायला अर्धे युनिट पुरते. पाच माणसांच्या घराला रोज अडीच, म्हणजे बारा महिने गरम पाण्यानेच आंघोळ केली तरी वर्षाला नऊशे युनिट. घर तापवायची गरज नाही, उलट एप्रिल-मेमध्ये ते थंड करायचे असते. डेन्मार्कच्या विसाव्या हिश्श्याच्या विक्रीवर रस्ता उकरून वेष्टनाचे नळ टाकायचा खर्च निघत नाही.

नळातल्या उष्णतेची गळती काय असते हे मला वाचून समजण्याआधी घरात समजले होते. शहरात आम्ही राहतो त्या इमारतीत सोळा घरे आणि गच्चीवर सर्वांचे मिळून एक सोलर हीटर. तिसऱ्या मजल्यावर नळ सोडला की वाफाळते पाणी. तळमजल्यावर आम्हाला आधी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावे लागते, तोवर वरच्या टाकीतले संपत आलेले असते. बोअरच्या क्षारांनी नळ्या चोंदल्या तेव्हा दुरुस्तीचा खर्च सोळांत वाटायचा की पाणी मिळते त्यांनीच द्यायचा, यावर तीन बैठका झाल्या. ज्याने यंत्रणा बसवली त्याचे दुकान तोवर बंद झाले होते. हीटर अजून गच्चीवर आहे आणि प्रत्येक घरात गिझर आहे. सामाईक उष्णतेची ही आमची सोळा घरांची सहकारी चळवळ.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की फुलंब्रीसारख्या गावाला एका जागी, पुष्कळ, आणि ऊन असताना लागणारी उष्णता कोणती? माझ्या मते तिचे उत्तर वाळवण हे आहे. मका आणि आले ही या पट्ट्यातली मोठी पिके. फुलंब्री, खुलताबाद, कन्नड या भागात आल्याखाली बरेच क्षेत्र असते. २०२३ मध्ये आल्याला विक्रमी भाव मिळाला, लागवड वाढली आणि पुढे भाव कोसळला. ओले आले जमिनीत काही काळ राखता येते, पण कायमचे नाही. त्याची सुंठ करता आली तर विकायची घाई उरत नाही.

आता थोडे गणित. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, पण आकडे साधे आहेत.

ओल्या आल्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. एक क्विंटल आल्यात घन भाग वीस किलो. दहा टक्के ओलीची सुंठ करायची तर हाती बावीस किलो माल येतो आणि अठ्ठ्याहत्तर लिटर पाणी उडवावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. म्हणजे क्विंटलला बावन्न युनिट. आता मका घ्या. बावीस टक्क्यांवरून चौदावर आणायला क्विंटलमागे सव्वानऊ लिटर पाणी काढायचे, म्हणजे जेमतेम सव्वासहा युनिट. आपल्याकडे निरभ्र दिवशी प्रत्येक चौरस मीटरवर पाच युनिटांच्या आसपास ऊन पडते. त्यातला तिसरा हिस्सा खरोखर पाणी उडवण्यात लागला असे धरले, तर एका दिवसात एक क्विंटल आले वाळवायला तीस चौरस मीटर आणि एक क्विंटल मका वाळवायला चार चौरस मीटर संकलक लागतो.

हा 'तिसरा हिस्सा' कागदावरचा आहे. मी पत्रा, काच आणि प्लायवूडचे चार चौरस मीटरचे वाळवणी-पेटारे बहिणीच्या शेतात करून पाहिले. आल्याचे काप दहा किलो घातले. हिशेबाने एका दिवसात वाळायला हवे होते, तीन दिवस लागले. उष्णता भरपूर होती, पण दमट हवा बाहेर पडायला मी ठेवलेले धुराडे फार लहान होते. पेटीच्या आत काचेवर पाणी जमून ठिबकत होते. वाळवण म्हणजे तापवणे असा माझा समज होता. निम्मे काम हवा खेळवण्याचे असते, हे त्या ठिबकणाऱ्या काचेने शिकवले. पंखा लावल्यावर वेळ बराच कमी झाला. आले न कापता अख्खे घातले तर मात्र साल अडथळा करते, ती खरवडावी लागते, आणि त्या कामाची मजुरी हाच सुंठीचा मोठा खर्च आहे.

आता डेन्मार्कशी पुन्हा तुलना करून पाहू. त्यांच्या व्यवस्थेत सर्वांत अवघड भाग साठवणुकीचा, कारण ऊन आणि गरज यांच्यात सहा महिन्यांचे अंतर. आल्याची काढणी जानेवारी ते मार्च, आणि आपले आकाश त्या महिन्यांत स्वच्छ. गरज आणि ऊन एकाच वेळी हजर आहेत. तो अवाढव्य खड्डा, ते झाकण, काहीच लागत नाही. मक्याचे तसे नाही. तो नेमका परतीच्या पावसात तयार होतो, दाजींचा झाला तसा. त्यासाठी भट्टीची जोड हवी. तिचे इंधन मक्यानेच आणलेले असते. एक क्विंटल दाण्यांमागे पंधरा-वीस किलो रिकामी कणसे उरतात. निम्म्याहून अधिक उष्णता वाया गेली असे धरूनही त्यातली चार किलो कणसे एका क्विंटलचे वाळवण करतात. धूर थेट दाण्यावर जाता कामा नये, एवढी काळजी घ्यायची. मार्स्टालला लाकडाच्या ढलप्या, आपल्याला कणसे.

तंत्र आपल्याकडे नवे नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवलेल्या आहेत. २००९ पासून त्या वाफेवर हजारो लोकांचा स्वयंपाक होतो. आपल्याच मराठवाड्यात, लातूरच्या महानंद डेअरीत, २००६ साली आयआयटी मुंबईच्या सहभागाने विकसित झालेली 'अरुण' नावाची १६० चौरस मीटरची तबकडी दूध तापवण्यासाठी बसवली गेली. दोन्ही ठिकाणी मालक एक मोठी संस्था आहे. रोजचे ठरलेले काम आहे आणि आरसे पुसायला पगारी माणूस आहे. दहा एकरांच्या आतल्या शेतकऱ्यांच्या गावात यातले एकही आपोआप असत नाही.

आपल्याच जिल्ह्यात याचे वेगळे उत्तरही शोधले गेले आहे. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने सौर वाळवणी-यंत्रे गावातल्या महिलांच्या हाती दिली. त्या भाजीपाला वाळवतात आणि कंपनी माल घेते. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार या कामाला मिळाला. यात यंत्र बाईच्या नावावर असते, आणि गिऱ्हाईक शोधण्याची जोखीम कंपनीकडे. ही मोठी सोय आहे. पण बाजाराची दोरीही त्याच टोकाला राहते. दाजींच्या मक्याला मात्र गिऱ्हाईक होते, कमतरता होती ती फक्त चार टक्के कोरडेपणाची. त्या चार टक्क्यांसाठी प्रत्येकाने वेगळे यंत्र घ्यायचे, जे वर्षातले तीन आठवडे चालेल, हे परवडणारे नाही. अशा ठिकाणी सामाईक मालकीला अर्थ येतो.

सामाईक मालकीच्या ऊर्जेचा आपला अनुभव काय? तो बराच जुना आणि दुखरा आहे. १९६९ च्या सुमारास देशात ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रायोगिक पातळीवर निघाल्या. त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती आणि बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीही होती. मुळा-प्रवरेचा प्रदेश म्हणजे सहकाराचे माहेरघर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो हाच टापू. तरीही २०११ मध्ये मुळा-प्रवरेचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेले. वीज विकत घ्यायची मोजून आणि तिचा मोठा भाग शेतीपंपांना द्यायचा, जिथली वसुली अपुरी. मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर आकारणी ही तर राज्यभरची पद्धत होती. थकबाकी वाढत गेली. हुक्केरीची संस्था मात्र आजही वीज वाटते आहे. त्यामुळे सहकार म्हटला की बुडणारच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कॅनडातल्या ओकोटोक्स गावातली ड्रेक लँडिंग ही ५२ घरांची वसाहत पाहा. २००७ पासून तिथे उन्हाळ्यातली उष्णता जमिनीतल्या विहिरींत साठवून हिवाळ्यात वापरत. एका वर्षी तर घरे तापवण्याची सगळी गरज उन्हावर भागली. जगभर तिचे कौतुक झाले. २०२४ मध्ये ती व्यवस्था बंद करण्यात आली, कारण भाग जुने झाले, नवे मिळेनात, मिळाले तर परवडेनात. शास्त्र जिंकले होते. हरले ते माझ्या धंद्यातले एक साधे खाते, घसारा निधी.

म्हणून माझा प्रस्ताव यंत्रापासून सुरू होत नाही, दोन वजनांपासून होतो. सामाईक वाळवणी-केंद्रात शेतकरी माल आणतो तेव्हा वजन करायचे, नेतो तेव्हा पुन्हा करायचे. दोन्हींतला फरक म्हणजे उडालेले पाणी, आणि केंद्राने विकले ते तेवढेच. आकारणी आणलेल्या मालावर नाही, दिवसावर नाही, माणसाच्या ओळखीवर तर नाहीच. उडालेल्या पाण्याच्या लिटरवर. मार्स्टालच्या घराघरातले उष्णतेचे मीटर जे काम करते, तेच इथे एक साधा वजनकाटा करील. जो अंगणात आधी दोन दिवस पसरून माल आणील त्याचे लिटर कमी, म्हणून पैसे कमी. फुकटचे ऊन आधी वापरले जाईल आणि केंद्रावरची गर्दीही घटेल. यात एक खोट आहे. शेवटचे पाणी दाण्याच्या आतून निघते आणि त्याला पहिल्या पाण्यापेक्षा जास्त वेळ व उष्णता लागते. त्यामुळे ठरावीक ओलीच्या खालच्या प्रत्येक लिटरला दर थोडा वाढीव ठेवावा लागेल. हे सभेत समजावणे कठीण जाईल, पण न समजावता दर लावला तर भांडण ठरलेले.

त्या दरात तीन गोष्टी असायलाच हव्यात: पंख्याची वीज आणि राखणदाराची मजुरी, कर्जाचा हप्ता, आणि काच व पंखे बदलण्यासाठीचा निधी. तिसरी गोष्ट गाळून दर स्वस्त करण्याचा मोह पहिल्याच निवडणुकीत होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. काचेच्या यंत्रणेत तशा एका दुपारचा खर्च आधीपासून धरलेला असला पाहिजे. अन्नप्रक्रियेसाठी २०२० पासून केंद्राची पस्तीस टक्के अनुदानाची योजना आहे. ती घ्यावी, पण घसारा यंत्राच्या पूर्ण किमतीवर काढावा, अनुदान वजा करून नव्हे. दुसऱ्यांदा अनुदान मिळेलच असे नाही. पतसंस्थेत असताना या एका मुद्द्यावर मी संचालकांशी जितके वाद घातले तितके आयुष्यात कोणाशी घातले नाहीत.

आंघोळीच्या पाण्याचे काय, असे बहिणीने विचारले. तिला बंबासाठी काड्या गोळा कराव्या लागतात, त्यामुळे तिचा प्रश्न माझ्यापेक्षा खरा. वाळूजजवळच्या पाटोद्याचे उदाहरण मी तिला सांगितले. भास्करराव पेरे पाटलांच्या काळात त्या ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्याला दळण मोफत दिले आणि गरम पाणी ही गावाने द्यायची सेवा मानली. नळ घरोघर न नेता लोकांनी एका जागी यायचे ठरले तर गळतीचा प्रश्नच उरत नाही. वाळवणी-केंद्राचे संकलक पावसाळ्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत पाणी तापवू शकतात, पण हवा तापवणारे आणि पाणी तापवणारे संकलक वेगळे असतात. एकाच यंत्रणेत दोन्ही कोंबले की दोन्ही अर्धवट होतात. त्यामुळे ते काम दुसऱ्या टप्प्यात, वेगळ्या खात्यात.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या मारुतीच्या पारावर हे सगळे मी मांडले. अकराजण होते, त्यांतल्या चार बचत गटातल्या बायका. मालकी, भागभांडवल, घसारा, सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एका मावशींनी विचारले, "भाऊ, मालक कोण ते ऱ्हाऊ द्या. पाऊस आल्यावर आधी कोणाचा मका घेणार?" माझ्या वहीत याचे उत्तर नव्हते. संकलक कितीही मोठा केला तरी परतीच्या पावसाच्या आठवड्यात सगळ्या गावाचा मका एकदम दारात येणार. भट्टी कणसांवर चालेल, पण जागा तेवढीच राहील. बराच वेळ बोलून दोन सूचना पुढे आल्या: पेरणीच्या वेळीच थोडे पैसे भरून पाळी नोंदवायची, आणि एका वेळी एका घराचे दहा क्विंटलच घ्यायचे, मग ते सरपंचाचे घर का असेना. दाजी म्हणाले, दहा नको, पाच करा.

केंद्र अजून झालेले नाही. जागेवरून चर्चा चालू आहे. यंदा एवढेच ठरले आहे की अकरा घरांनी आपापला मका वाळवण्याआधी आणि वाळवल्यावर तोलायचा आणि दोन्ही आकडे तारखेसकट लिहायचे, म्हणजे गावाला कोणत्या आठवड्यात किती लिटर पाणी उडवायचे आहे ते कळेल. वही बहिणीकडे आहे. दाजींकडे दिली होती, पण ते दुसरे वजन लिहायचे विसरतात.